कमरुद्दीनच्या दोरीवरची नऊवारी

गेल्या एप्रिलात सुकापुरात एक बातमी हळू आवाजात सुरू झाली आणि आठवड्याच्या आत पनवेलच्या एसटी स्टँडपर्यंत जाऊन, चहा पिऊन, परत आली. तिसऱ्या मजल्यावरच्या कमरुद्दीन मॅनेजरने म्हणे त्रेसष्टाव्या वर्षी दुसरी बाई केली. बाई नऊवारी नेसणारी. कुणी म्हणालं उरणची आहे, कुणी म्हणालं आखातातच ओळख झाली होती आणि आता ती मागोमाग इथे आली. नऊवारी नेसून ती आखातात काय करत होती, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. बाई उंचीला दांडगी असल्याचंही ठरलं, कारण तिची साडी म्हणे दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचत होती. आणि प्रत्येक जण शेवटी "बिचारी बिल्कीस" असं म्हणून असा उसासा टाकत होता, की ऐकणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून ऐकावंसं वाटे.

बातमी बिनबुडाची नव्हती. पुरावा तीन दिवस रोज सकाळी गच्चीवर वाळत होता.

ती बिल्डिंग चार मजली. जमीन जनीबाईच्या सासरची, भाताची. बिल्डरने जनीला पहिल्या मजल्यावरचे दोन फ्लॅट दिले आणि वरचे विकले. त्यातला एक, तिसऱ्या मजल्यावरचा, कमरुद्दीनने घेतला. चौथा मजला बिल्डरच्या कुठल्याशा भानगडीत कुलूपबंद पडलेला, त्यामुळे त्याच्या डोक्यावर फक्त एक रिकामा मजला आणि मग गच्ची. गच्चीवर प्रत्येक घराची एकेक दोरी. सुकापुरात जमिनीच्या हद्दीवरून वाद झाला तर लोक कागद काढतात, मोजणीवाला बोलावतात. दोरीच्या हद्दीला त्यातलं काही लागत नाही. कुणाची उशीची खोळ चुकून दुसऱ्याच्या दोरीवर गेली तर अर्धा तास बोलाचाली होते आणि पुढचा महिनाभर जिन्यात तोंडं फिरवली जातात. म्हणजे जे कमरुद्दीनच्या निळ्या दोरीवर, ते कमरुद्दीनच्या घरातलं. आणि बिल्कीस तर सलवार-कमीज घालणारी. नऊवारी तिने उभ्या जन्मात अंगाला लावली नव्हती.

हे सगळं पाहिलं ते रंभाने. रंभा समोरच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहते आणि तिच्या गॅलरीतून या गच्चीचा एकूण एक चिमटा दिसतो. तिचा नवरा तुळशीराम रिक्षा चालवतो. रंभाने सात वाजता पाहिलेली गोष्ट तुळशीरामच्या डब्याबरोबर निघे आणि दुपारच्या आत पनवेलभर सीट बदलत फिरे.

आता कमरुद्दीनच्या पोटातली गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण त्याच्यावर सोपवली असती तर ती पोटातच राहिली असती.

कमरुद्दीन तीस वर्षं आखातात एका मोठ्या हॉटेलात होता. पनवेल त्याला मॅनेजर म्हणतं. त्याने स्वतः हा शब्द कधी तोंडातून काढला नव्हता, हे त्याच्या बाजूने कबूल करायला हवं. पोचल्यावर त्याने वडिलांना पत्र लिहिलं की इथे एक खातं माझ्याकडे आहे. वडिलांचं जुन्या पनवेलच्या बाजारात दुकान होतं. त्यांनी पत्र गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवलं. पुढच्या जुम्म्यापर्यंत खात्याचा विभाग झाला, विभागाचं हॉटेल झालं आणि कमरुद्दीन मॅनेजर झाला. ही बढती त्याला कळली तेव्हा तिच्याच जोरावर बिल्कीसचं स्थळ ठरून गेलं होतं. आता पत्र लिहून स्वतःला खाली उतरवायचं, तेही निकाहाच्या तोंडावर, एवढी हिंमत त्याला झाली नाही. मग ती कधीच झाली नाही.

त्याच्याकडे खातं होतं हे खरं. हॉटेलच्या तळघरात, मोठमोठ्या मशिनांच्या पलीकडे एक खोली होती. मशिनमध्ये जे कपडे जीव सोडतील ते तिथे हाताने धुवायला येत. रेशीम, लोकर, जाळीची वस्त्रं, पिसांच्या रजया. चार माणसं होती. शेवटची दहा वर्षं त्यातला मुख्य कमरुद्दीन. एका म्हाताऱ्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, उस्तादाने त्याला काम शिकवलं होतं. उस्ताद म्हणे, कपड्याला मळ सोडायचाच असतो, आपण फक्त त्याला घाई करायची नाही. लोकर पिळायची नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायची. रंगीत कपड्याचं आधी टोक ओलं करून पांढऱ्या फडक्यावर टेकवून बघायचं, रंग सोडतो का. रजई पायांनी तुडवायची, पण अशी की जणू खाली मूल झोपलंय. कमरुद्दीनला हे काम आवडलं. तीस वर्षं आवडलं. पण पनवेलच्या मॅनेजरला ते सांगायची सोय नव्हती, आणि बिल्कीसला तर मुळीच नव्हती. तिने माहेरच्या माणसांत मॅनेजरचं नाव असं मिरवलं होतं, की एकेका मावसबहिणीचं जेवण गोड लागू दिलं नव्हतं. ते नाव आपल्या हाताने उतरवायचं म्हणजे बायकोच्या डोळ्यांतून उतरायचं, असं त्याने मनाशी पक्कं धरलं होतं.

घरी परतल्यावर त्याचे हाल सुरू झाले. खारघरला राहणाऱ्या मुलाने, यासीनने, आईसाठी मोठं वॉशिंग मशिन पाठवलं होतं. बिल्कीस त्यात सगळं एकत्र कोंबी, मुठीने पावडर टाकी आणि बटण दाबून कांदा कापायला जाई. मशिन कपडे पिळायला लागलं, की कमरुद्दीनला शेजारच्या खोलीत कुणाला तरी मारहाण चालल्यासारखं वाटे. तो चपला घालून खाली उतरे. त्याने बिल्कीससाठी आणलेला लोकरीचा स्वेटर एका धुण्यात नात नशराच्या बाहुलीच्या मापाचा झाला. बिल्कीस म्हणाली, लोकर हलकी निघाली. कमरुद्दीन म्हणाला, असेल.

पण हात गप्प बसेनात. दर गुरुवारी बिल्कीस जुन्या पनवेलला बहिणीकडे जाई ती चारच्या पुढे परते. जिन्यात तिची पाठ दिसेनाशी झाली, की कमरुद्दीन पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गच्चीवर पसार. पाण्याच्या टाकीमागे त्याने एक गुलाबी टब दडवला होता. आडोशाचा तो कोपरा तेवढा रंभाच्या गॅलरीतूनही दिसत नसे. आखातातल्या चॉकलेटच्या डब्यात रिठे. एका गुरुवारी रजई, पुढच्या गुरुवारी लोकरी शाल, त्यापुढे पडदे. रजई खाटेवर आडवी पसरून वाळवी, म्हणजे कापूस एका कोपऱ्यात जमत नाही. बिल्कीस परतेपर्यंत सगळं घडी होऊन जागच्या जागी. बिल्कीसला एवढंच जाणवलं, की हल्ली पांघरुणं मऊ लागतात, आणि तिने त्याचं श्रेय मशिनला देऊन टाकलं. बहिणीलाही तसलंच मशिन घ्यायला लावलं. कमरुद्दीनच्या मनाला जी जखम झाली ती इथे.

अशाच एका गुरुवारी जनी गच्चीवर आली.

जनीचं त्या दिवशी काय झालं होतं ते ऐका. तिच्या लेकीचं, भाविकाचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. विहीणबाईंच्या मानपानाची म्हणून मुलगा हरेशने येवल्याहून एक रेशमी नऊवारी आणली होती. मोतिया रंगाची, लाल काठाची. ती लग्नाच्या दिवसापर्यंत उघडायची नाही असं त्याने आईला बजावलं होतं. जनीने ती फक्त बघायला उघडली. मग फक्त खांद्यावर टाकून बघितली. मग फक्त नेसून बघितली. आणि त्याच दिवशी शेजारच्या गावात पुतण्याची हळद होती, तेव्हा उतरवून परत नेसायचा व्याप कशाला, म्हणून तशीच गेली. आगऱ्यांच्या हळदीला मोतिया रंगाची साडी नेसून जाणं म्हणजे काय, हे या भागात शेंबडं पोरही सांगेल. कुणीतरी मागून आलं आणि पाठीवर हळदीचा अख्खा पंजा उठवून गेलं.

जनी धावत घरी आली, साडी बदलली आणि कपड्यांच्या साबणाची वडी घेऊन तो पंजा घासला. पिवळी पाच बोटं लालभडक झाली. पाठीवर कुणी रक्ताचा हात पुसावा तशी. हरेश घरात, सून घरात. साडीचा बोळा पदराखाली धरून ती गच्चीवर टाकीमागे पळाली, आणि तिथे पाहते तर मॅनेजरसाहेब टबात पोटऱ्यांपर्यंत उभे राहून रजई तुडवतायत.

दोघंही थिजले.

"मॅनेजरशेठ, तुमी काय करताव?"

"व्यायाम," कमरुद्दीन म्हणाला.

जनीने टबाकडे पाहिलं, फेसाकडे पाहिलं, दुमडलेल्या पँटकडे पाहिलं. एवढ्यात कमरुद्दीनची नजर तिच्या हातातल्या बोळ्यावर गेली आणि तो व्यायाम विसरला.

"साबण लावलात?"

"लावला."

"घासलंत?"

"घासला बी. किती घासला सांगू नका."

त्याने टबातून उतरून, हात कोरडे करून, बोळा असा उचलला की जणू आत तान्हं मूल आहे. मग मॅनेजर गेला आणि तळघरातला माणूस बोलायला लागला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, घाबरायचं नाही. थोड्या आंबटाने ती पुन्हा पिवळी होते. ते पिवळंही मग बरंचसं निघतं, पण उरतं ते कुठल्याच साबणाने जात नाही, ते ऊनच काढतं. आणि रेशमाला ऊन सोसत नाही. तेव्हा काम जमेल, पण वेळ लागेल.

जनी तोंडाकडे बघत राहिली. मॅनेजर लोकांना एवढं ठाऊक असतं हे तिला माहीत नव्हतं. तिने फार चौकशी केली नाही. बाई व्यवहारी. तिने एका वाक्यात करार केला.

"तुमी माझ्या हरेशला सांगू नका, मी बिल्कीसला सांगनार नाय."

कमरुद्दीनने मान डोलावली. दोघांच्याही माना एकमेकांच्या हातात आल्या होत्या.

आधी त्याने काठाचं टोक ओलं करून रुमालावर टेकवलं. रुमाल गुलाबी झाला. म्हणजे काठ ओला करायचाच नाही, नाहीतर मोतियावर लाल पाट वाहतील. मग डागाभोवतीचा भाग तेवढा वाटीसारखा ओढून घेऊन बाकीची साडी कोरड्या टॉवेलात बांधली. घरात जाऊन बिल्कीसचा व्हिनेगर आणला, गार पाण्यात चार थेंब टाकले आणि मलमलच्या चिंधीने डाग टिपत बसला. घासणं नाही, टिपणं. लाल पंजा जनीच्या डोळ्यांदेखत विटकरी झाला, विटकरीचा पिवळा झाला. मग रिठ्याचं पाणी. पिवळाही फिका पडला. उरली ती पाच बोटांची सावली.

आता ऊन. पण कुणाच्या दोरीवर? जनीच्या दोरीवर घातली तर तासाभरात सुनेला दिसेल. कमरुद्दीनची दोरी टाकीमागून जाते, जिन्यातून दिसत नाही. बिल्कीसचे गुडघे दुखतात, ती गच्चीवर येत नाही. ऊन घ्यायचं ते सकाळी सात ते नऊ, तापायच्या आत. दोघांनी सगळा विचार केला. रंभाच्या गॅलरीचा तेवढा राहिला.

दुसऱ्या सकाळपासून कमरुद्दीन बिल्कीसला फिरायला जातो म्हणून सांगू लागला, आणि खाली उतरायच्या ऐवजी वर चढू लागला. रंभाने पहिल्या दिवशी पाहिलं की मॅनेजरच्या दोरीवर नऊवारी आहे. हे एकच पुरेसं होतं. पण बाकीच्या रेशमाला ऊन लागू नये म्हणून कमरुद्दीनने साडीवर घरची डबलबेडची चादर पांघरली होती, डागाची वीतभर जागा तेवढी उघडी ठेवून. म्हणजे रंभाला दिसली ती परकी नऊवारी आणि तिच्या अंगावर मॅनेजरच्या पलंगावरची चादर. शिवाय शेजारी खुर्ची टाकून स्वतः मॅनेजर. दर पंधरा मिनिटांनी उठायचा, चादरीचं टोक हळूच उचलायचा, आत बघायचा आणि गालातल्या गालात हसून पुन्हा बसायचा. रंभाच्या हातातला लसूण तसाच राहिला. तुळशीरामची रिक्षा त्या दिवशी वेळेआधी सुटली.

कमरुद्दीनला स्वतःची बातमी न्हाव्याच्या दुकानात कळली. न्हाव्याने आजवर कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, की चाचा, या वेळी केसांना काळा लावू का? मग हळूच कानाशी वाकून मुबारकही म्हणाला. कमरुद्दीनने चौकशी केली तेव्हा न्हाव्याने बाईचं गाव, उंची आणि खारघरला तिच्यासाठी बघितलेला फ्लॅट, एवढं सगळं सांगितलं. कमरुद्दीनला आधी घाम फुटला. मग त्याने आरशात पाहिलं. मशिदीबाहेरच्या बाकावर म्हाताऱ्यांनी त्या दिवशी त्याला न सांगता सरकून जागा दिली, आणि दोघांनी उगाचच त्याच्या तब्येतीची विचारपूस केली. परतताना त्याची पाठ सरळ होती. खोटं कशाला बोला, त्याला थोडं बरं वाटलं.

पण घर जवळ आलं तसा तो हिशेबाला बसला. बातमी खोटी म्हणावी तर साडी कुणाची ते सांगावं लागणार, आणि ती आपल्याकडे कशाला आली होती तेही. म्हणजे जनीचा शब्द मोडला आणि मॅनेजरही गेला. आणि सांगितलं नाही, तर बिल्कीसला कळायला किती वेळ लागणार? त्याने ठरवलं, उद्याचा एक दिवस. उद्या डाग जाईल, साडी खाली जाईल, आणि लोक दुसऱ्या कुणाच्या तरी मागे लागतील. तोवर कुणी विचारलं तर नुसतं हसायचं. त्याला कल्पना नव्हती की असलं हसू म्हणजे सही केल्यासारखंच असतं.

त्याच दुपारी बिल्कीस वर्षाचा मसाला कांडून आणायला गिरणीत गेली होती. मिरची कुटताना बायकांचे डोळे वाहतच असतात, त्यामुळे तिथे कुणी कुणाला काही सांगितलं की ऐकणारी रडतेय असंच दिसतं. तीन बायकांनी तिला धीर धर म्हणून सांगितलं. चौथीने काय ते सांगितलं. बिल्कीस मसाल्याचा डबा काखेत मारून घरी आली. पांढऱ्या ओढणीवर मसाल्याचे डाग पडले होते, तिने बघितलेही नाहीत. रात्री जेवण रोजच्यासारखं वाढलं, फक्त कोशिंबिरीत मीठ नव्हतं. कमरुद्दीनने ते मागितलं नाही.

सकाळी तो फिरायला जातो म्हणाला. तो गेल्यावर बिल्कीसने दाराशी बघितलं. फिरायचे बूट तिथेच होते. तिने ते उचलले आणि दुखऱ्या गुडघ्यांनी, कठड्याला धरून, एकेक पायरी करत दोन मजले चढून ती गच्चीवर आली. खुर्चीत नवरा होता. दोरीवर तिची चादर होती, आणि तिच्याखाली दुसऱ्या कुणाचं तरी रेशीम.

"बूट राहिले तुमचे," ती म्हणाली आणि बूट खाली ठेवले. "ती कुठे आहे?"

"कोण?"

"हे जिचं आहे ती."

कमरुद्दीन म्हणाला, वाऱ्याने आली असेल उडून. बिल्कीसने दोरीकडे बोट केलं. "चार चिमटे. वारा चिमटे लावून जातो का हल्ली? आणि वरून आपली चादर पांघरून?"

बिल्कीसचा आवाज चढला नव्हता. तीच भीती होती. ती म्हणाली, यासीनला फोन करते, तो गाडी घेऊन येईल, मी खारघरला जाते. तुम्ही आणि ही, राहा.

कमरुद्दीनने तीस वर्षांत पहिल्यांदा मॅनेजर एका पारड्यात आणि बिल्कीस दुसऱ्या पारड्यात टाकली. विचाराला फार वेळ लागला नाही.

"कुणाची ते सांगता येणार नाही, शब्द दिलाय. पण ती मी धुतलीय, बिल्कीस."

बिल्कीस हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. निकाहापासून आजपर्यंत या माणसाने स्वतःचा रुमाल धुतल्याचं तिला आठवत नव्हतं. सुट्टीवर यायचा तेव्हा बनियनसुद्धा मोरीच्या कोपऱ्यात टाकून यायचा. तिने अंगावरची ओढणी उतरवली, कालची, मसाल्याची, आणि त्याच्यापुढे धरली.

"धुवा."

त्याने टाकीमागून टब काढला. चॉकलेटचा डबा काढला. बिल्कीसने तो डबा ओळखला. चॉकलेटं संपल्यावर तो कुठे गेला म्हणून ती वर्षभर शोधत होती. कमरुद्दीनने आधी ओढणी झटकून सुकी पूड पाडली, मग तेलाचा भाग बोटाने चाचपून बघितला, मग रिठ्याचं कोमट पाणी तळहाताने हलवून तिला पाण्यात पसरली. त्याचे हात असे चालत होते की त्यांना डोक्याची गरजच नव्हती. उचल, सोड. उचल, सोड. ओठ हलत होते, तो मनात मोजत होता. पाणी केशरी झालं. ते ओतलं, दुसरं घेतलं. ओढणी टॉवेलात गुंडाळून दाबली आणि उकलली, तेव्हा तिच्यावर पुसट पिवळा ढग तेवढा उरला होता. तो दोन उन्हांत जाईल, तो म्हणाला.

बिल्कीस बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिली. तिने विचारलं, हे कुणी शिकवलं?

"उस्तादांनी. हॉटेलच्या तळघरात." त्याने टब पालथा घातला, म्हणजे वर बघायला नको. "मी मॅनेजर नव्हतो. कपडे धुवायचो, हाताने. तीस वर्षं."

खालून एक भाजीवाला ओरडत गेला. कमरुद्दीनने तयारी केली होती. ती म्हणेल फसवलंत, म्हणेल माझ्या माहेरी काय तोंड दाखवू. यासाठी त्याच्याकडे माफीची दोन-तीन वाक्यंही होती.

"तुम्ही सुट्टीवर यायचात," बिल्कीस सावकाश म्हणाली. "दोन-दोन महिने. मी मोरीत बसून तुमचे शर्ट घासत होते. पोटात यासीन होता तेव्हासुद्धा. आणि तुम्ही खुर्चीत बसून सांगायचात, कॉलर नीट निघाली नाही."

माफीचं वाक्य कमरुद्दीनच्या ओठांवर आलं होतं. पण माणूस कारागीर.

"नव्हती निघाली," तो म्हणाला.

त्यानंतर बिल्कीस जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि रंभाच्या गॅलरीपर्यंत ते नीट ऐकू गेलं नाही याचं रंभाला अजून दुःख आहे. तिला एवढंच दिसलं, की मॅनेजर मान खाली घालून उभा आहे आणि बिल्कीस ओली ओढणी हवेत नाचवतेय. रंभाने त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला.

बोलून झाल्यावर बिल्कीसने चादर बाजूला केली आणि साडी तिच्या नजरेस पूर्ण आली. मोतिया, लाल काठ. ही तर जनीने तिला न उघडता, पिशवीतूनच मोठ्या कौतुकाने दाखवली होती, विहीणबाईंची म्हणून. बिल्कीसला सगळं कळलं. तिने पाच बोटांची जागा शोधली, उन्हात धरून तिरकी करून बघितली, उलट्या बाजूने बघितली. काही दिसेना. तिने चादर पुन्हा नीट पांघरली आणि चिमटा सरळ केला.

"हे लोकांना सांगायचं नाही ना?" कमरुद्दीनने विचारलं.

"लोकांना दोनातलं एक सांगावं लागेल. तुमची बाई नाहीतर तुमची मोरी. मला बाई चालणार नाही." मग ती म्हणाली, "पण भाविकाचं लग्न होऊ दे."

आणि बिल्कीस खरोखर थांबली. लग्नापर्यंतचे अकरा दिवस तिने सवत सोसली. बिचारी म्हणून चार घरांतून तिला शेवया आल्या, एका घरातून कोंबडी आली. ती योग्य जागी उसासा टाकायची, डबा रिकामा करून द्यायची आणि घरी आल्यावर कमरुद्दीनला त्यातलं काही वाढायची नाही. ती कोंबडी तुमच्या पापाची आहे, म्हणायची, तुम्हाला कशी देऊ. तेवढ्या काळात कमरुद्दीनने घरातल्या साऱ्या चादरी, गाद्यांच्या खोळी, उशा, लोकर आणि पडदे हाताने धुतले. मशिनवर बिल्कीसने टेबलक्लॉथ घातला. आता बिल्कीसपासून लपायचं कारण नव्हतं, म्हणून तो टाकीमागे सगळं भर दुपारी धुवी, आणि बिल्कीस खुर्ची टाकून सावलीत बसे. तिला गुडघ्यांचा त्रास होता, पण हे बघायला ती दोन मजले चढे.

लग्नात विहीणबाईंनी नऊवारी स्वीकारली आणि तिथल्या तिथे नेसून आल्या. जनीने त्यांना कुठल्या ना कुठल्या निमित्ताने तीनदा पाठमोरं केलं. एकदा गजरा नीट करते म्हणून, एकदा काष्टा बघते म्हणून, एकदा उगाच. पाठ स्वच्छ होती. हरेश समाधानाने हसत होता. जनीने पंगतीत कमरुद्दीनला स्वतः वाढलं, आणि इतकं वाढलं की शेजारच्या पाहुण्याला वाटलं हा मुलाकडचा कुणी मोठा माणूस असावा.

बिल्कीसला कळल्याचं कमरुद्दीनने जनीला सांगितलंच होतं. दुसऱ्या दिवशी जनीनेच बिल्कीसला मोकळं केलं. म्हणाली, सांग आता कुणाला सांगायचा तो, विहीण घरी गेली. बिल्कीस सरळ रंभाकडे गेली, खुर्ची मागून घेतली, चहा मागून घेतला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. हळद, साबण, चादर, तळघर, सगळं. रंभा ऐकत गेली तसतसा तिचा चेहरा उतरत गेला. एवढंच, ती म्हणाली. मग जरा वेळाने आत गेली आणि कपाटातून तिची आक्रसलेली लोकरी शाल घेऊन आली. मॅनेजरना विचारशील का, म्हणाली, हिचं काही होईल का.

मॅनेजर हे नाव काही सुटलं नाही. लोकांनी ते ठेवलं, फक्त आता ते म्हणताना तोंडाचा कोपरा जरा हलतो. मशिदीच्या बाकावर पहिल्या जुम्म्याला कमरुद्दीन धाकधुकीने गेला. त्याच्या वयाच्या एकाने त्याला बाजूला घेतलं, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं की नमाजाची चटई, जानमाज, कोमट पाण्यात घातली तर आखडते का. बिल्कीसच्या मावसबहिणी आता म्हणतात, आमच्या नवऱ्यांना चहाचा कपसुद्धा विसळता येत नाही. हे ऐकताना बिल्कीस असं तोंड करते की मॅनेजर असण्याच्या दिवसांत तिने तसं कधी केलं नव्हतं. न्हाव्याने मात्र काळ्या रंगाचं पुन्हा विचारलं नाही, आणि कमरुद्दीनला ते थोडं लागलं.

राहता राहिली ती बातमी. दुसरी बाई नव्हती. साडी जनीची होती. तिच्यावर हळद पडली होती. कमरुद्दीनने ती धुतली आणि उन्हासाठी आपल्या दोरीवर घातली.